गाडीचा दर्जा स्पर्धेनं ठरतो की साहेबाच्या बोनसनं?

यवतेश्वर (धागा सुरू केला), सोमवार रात्री

नमस्कार मंडळी.

साताऱ्याच्या एमआयडीसीत माझी मशिनिंगची शेड आहे. चार व्हीएमसी, दोन सीएनसी लेथ (संगणकावर चालणारी कापकामाची यंत्रं), सतरा माणसं. कोल्हापूरहून कास्टिंग येतं, त्यावर आम्ही बोअरिंग, फेसिंग, टॅपिंग करतो, म्हणजे भोक मापात आणतो, तोंड सपाट करतो, आटे पाडतो, आणि माल पुण्याला टियर-वनकडे, म्हणजे गाडीच्या कंपनीला थेट भाग पुरवणाऱ्या कंपनीकडे जातो. तिथं असेंब्ली होऊन तो गाडीच्या लाइनवर चढतो. खंबाटकीतून रोज ज्या गाड्या जातात, त्यातल्या काहींच्या चाकाजवळ आमच्या शेडमधला नग असतो. याचा अभिमानही वाटतो आणि कधीकधी रात्री झोपही लागत नाही.

गेल्या महिन्यात २९ तारखेला ६०० नगांचा लॉट निघायचा होता. गाडी भरत असताना मी सहज बोअर गेज (भोकाचं माप घेणारं साधन) घेऊन चार नग तपासले, आणि एक बाहेर निघाला. मग सगळा लॉट उतरवून पाहिला. ४० नगांचा बोअर वरच्या मर्यादेच्या १२ मायक्रॉन पुढं. इन्सर्ट (कापणारं टोक) बदलल्यावर सेटरनं ऑफसेट, म्हणजे मशिनमधलं त्याचं माप, चुकीचा टाकला होता. चूक पूर्णपणे आमची. ते नग लाल पेटीत टाकले आणि कळवलं की ५६० येतील. अर्ध्या तासात फोन: "महिनाअखेर आहे, लाइन थांबेल, डेव्हिएशन काढून देतो, सगळे पाठवा." आणि चुकलेला माल चालवून घ्यायची परवानगी देणारा तो सहीचा कागद खरोखरच मेलवर आला.

याच कंपनीनं मागं एकदा ९ तारखेला, याहून कमी चुकलेले ८ नग लाइन रिजेक्शन म्हणून परत पाठवून डेबिट नोट लावली होती, म्हणजे आमच्या बिलातून पैसे कापले होते. मला तेव्हा राग आला नव्हता, कारण चुकलेला माल परत यायलाच हवा. पण ९ तारखेला जो नग भंगार, तो २९ तारखेला चांगला कसा होतो?

मी ते ४० पाठवले नाहीत. त्यावरून झालेलं बोलणं इथं लिहीत नाही. पण तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

लहानपणापासून एक गोष्ट ऐकत आलोय: स्पर्धा आली आणि गाड्या सुधारल्या. माझ्या वडिलांनी गाडी नोंदवली तेव्हा मी शाळेतही जात नव्हतो. गाडी दारात आली तेव्हा मी चौथीत होतो. कोणती गाडी ते मुद्दाम सांगत नाही. मागचं दार आपटल्याशिवाय लागत नसे आणि पहिल्या पावसात पायाशी पाणी आलं. तरी वडिलांनी पेढे वाटले. गाडी 'मिळाली' हेच मोठं होतं. लायसन्स राजमध्ये किती गाड्या बनवायच्या ते सरकार ठरवायचं, मग जे बनेल ते खपणारच. १९५० च्या दशकातल्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली अँबॅसडर २०१४ पर्यंत उत्तरपाड्यात बनत होती. पूर्व जर्मनीतल्या ट्राबांटचंही तेच. तीस वर्षांहून जास्त काळ जवळजवळ तशीच गाडी आणि लोक दहा-दहा वर्षं रांगेत.

मग १४ डिसेंबर १९८३ ला पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली गेली. १९९३ मध्ये मोटारींवरचं लायसन्स गेलं. १९९८ या एका वर्षात सँट्रो, मॅटिझ आणि इंडिका. त्यानंतर पायाशी पाणी येणारी नवी गाडी मी पाहिलेली नाही. म्हणजे गोष्ट खरी आहे, मी ती नाकारत नाही.

पण ती अर्धीच आहे. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या परदेशी संस्थेनं आपल्याकडच्या पाच गाड्या आपटून पाहिल्या: अल्टो ८००, नॅनो, फिगो, आय-१० आणि पोलो. मोठ्यांच्या सुरक्षेत पाचही गाड्यांना शून्य तारे. ज्या बाजारात डझनभर कंपन्या एकमेकींच्या उरावर बसल्या होत्या, तिथं ही गत. स्पर्धा तर जोरात होती. ती मायलेजमध्ये होती, एसीत होती, म्युझिक सिस्टिममध्ये होती. फोक्सवॅगननं पोलोला दोन एअरबॅगा दिल्यावर तीच गाडी चार ताऱ्यांवर गेली. ज्ञान होतं, मशिनरी होती, गाडीचा सांगाडाही होता. गिऱ्हाइकाला ते दिसत नव्हतं, म्हणून ते दिलं जात नव्हतं.

म्हणून माझं मत मांडतो, खोडून काढलंत तरी चालेल. जे गिऱ्हाइकाला दिसतं त्याचा दर्जा स्पर्धा ठरवते. जे दिसत नाही त्याचा दर्जा कंपनीतल्या माणसाला बढती कशाबद्दल मिळते त्यावर ठरतो. आमच्या नगाचा बोअर कुणालाच दिसत नाही.

हळदबाजार, सोमवार रात्री

दादा, ४० नग अडवलेत त्याबद्दल आधी मनापासून शाबास. पण उगाच गुंतागुंत करू नका. स्पर्धाच सगळं करते, फक्त तिला वेळ द्यावा लागतो. २०१४ ला शून्य तारे, डिसेंबर २०१८ ला आपल्या रांजणगावात बनणाऱ्या नेक्सॉनला पाच. पाचच वर्षं लागली! ज्यांना जमलं नाही ते गेले. जनरल मोटर्स २०१७ ला विकायची थांबली, फोर्डनं २०२१ ला इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं. बाजारच शिक्षा देतो. आमच्या हळदीत तरी वेगळं काय? भेसळीचं पोतं एकदा खपतं, दुसऱ्या सौद्याला व्यापारी त्या ढिगाकडं बघतही नाही.

कृष्णाकाठचा गॅरेजवाला, मंगळवार सकाळी

हळदबाजार भाऊ, हळद हातात घेऊन चोळून बघता येती. गाडी चोळता येत न्हाई.

माझं गॅरेज सांगलीत हाय, तेवीस वर्षं झाली. ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवतो ना. पाणी उतरल्यावर माझ्याकडं रांगच लागली. दीड महिना आम्ही दुसरं कामच केलं न्हाई. सीटा काढायच्या, कार्पेट उचलायचं, खालचा चिखल धुवायचा, वायरिंग सुकवायचं. त्या दीड महिन्यात मला गाड्यांबद्दल जे कळलं, ते आधीच्या सगळ्या वर्षांत कळलं नव्हतं. कारण एरवी कार्पेटखाली बघायची वेळच येत न्हाई.

दोन गाड्या सांगतो, नावं न्हाई सांगणार. दोन्हींची किंमत जवळजवळ सारखी, दोन्ही एकाच गल्लीतल्या, पाणी पण सारखंच चढलेलं. पहिल्या गाडीत जमिनीलगतच्या प्रत्येक कनेक्टरला रबरी सील, वायरींचा जुडगा उंचावरनं क्लिपात बसवलेला, जोडावर सीलंट सलग. धुतली, सुकवली, आठव्या दिवशी चालू. दुसरीत कनेक्टर उघडे, जुडगा सरळ पत्र्यावर पडलेला, सीलंट मधीच तुटलेलं, आणि कंट्रोल युनिट ड्रायव्हरच्या पायाशी, सगळ्यात खाली. ती गाडी पुढं वर्षभर माझ्याकडं येत राहिली. आज हॉर्न, उद्या वायपर. शेवटी मालकानं निम्म्या किमतीत फुंकली.

आणि बाहेरनं? दुसऱ्या गाडीची स्क्रीन मोठी. सीटांवर शिलाई भारी. शोरूममध्ये दोन्ही शेजारी उभ्या केल्या, तर दहातली आठ माणसं दुसरीच घेतील. मी पण घेतली असती.

यवतेश्वरदादा म्हणतात ते मला पटतंय. रबरी सीलचे किती पैसे वाचले आसतील? चहाचे. पण लाखभर गाड्यांवर ते कुणाच्या तरी नावावर 'बचत' म्हणून लागले आसणार आणि त्या माणसाला बढती मिळाली आसणार. पूर आला तेव्हा तो माणूस त्या खुर्चीत नव्हताच.

यवतेश्वर, मंगळवार दुपारी

गॅरेजवाले दादा, शेवटचं वाक्य मी आमच्या शेडमध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं.

हळदबाजार, वेळ दिला की स्पर्धा सुधारते हे मान्य. पण पाच वर्षांत जे झालं ते स्पर्धा वाढल्यामुळं झालं का? कंपन्या तेवढ्याच होत्या. वाढलं ते दिसणं. कुणीतरी बाहेरच्यानं गाडी आपटून आकडा छापला आणि न दिसणारी गोष्ट दिसायला लागली. म्हणूनच १ ऑक्टोबर २०२३ पासून आपली भारत एनकॅप चाचणी सुरू झाली, हे मला मोठं पाऊल वाटतं.

ताळेबंद, मंगळवार रात्री

मी विश्रामबागेत सीए म्हणून काम करते. आधी सात वर्षं एका वाहन कंपनीच्या फायनान्स विभागात होते. या धाग्यात माझा विषय आला म्हणून लिहिते.

हळदबाजार यांच्या उदाहरणात एक दुरुस्ती. फोर्ड इथून गेली ती गाड्या वाईट होत्या म्हणून नव्हे. दहा वर्षांत दोन अब्ज डॉलरपेक्षा जास्त तोटा साचला, असं कंपनीनंच सांगितलं होतं. चांगली गाडी बनवणारासुद्धा बाजारातून जातो. उलट १९८३ ची मारुती पाहा. सरकारी कंपनी, सुझुकीचा वाटा फक्त २६ टक्के, समोर म्हणावी अशी स्पर्धाच नाही, गिऱ्हाइकांची रांग लागलेली. जुन्या पद्धतीनं कशीही गाडी बनवली असती तरी खपली असती. तरी दर्जा आला. साहेब आणि कामगार एकाच गणवेशात, एकाच कॅन्टीनमध्ये. सुट्या भागांचे पुरवठादार शून्यापासून घडवले. इथं दर्जा व्यवस्थापनातून आला, स्पर्धा दहा वर्षांनी आली.

आता बोनस. २९ तारखेचं गणित यवतेश्वर यांना उलगडत नाही, ते मी सांगते. आपल्याकडं कंपन्यांचे महिन्याचे विक्रीचे आकडे म्हणून वर्षानुवर्षं जे छापून येत आले, ते बहुतेक कारखान्यातून डीलरकडे गेलेल्या गाड्यांचे. गिऱ्हाइकानं घेतली की नाही, हा वेगळा प्रश्न. कारखान्याचा प्रमुख, विक्रीप्रमुख, खरेदीप्रमुख, सगळ्यांचं मोजमाप त्या आकड्यावर. ३० तारखेला गेटबाहेर पडलेली गाडी याच महिन्यात मोजली जाते. तिच्यातला दोष वॉरंटीच्या खर्चात दिसतो तो वर्ष-दीड वर्षानं, आणि तो सेवा विभागाच्या खात्यात पडतो. ज्यानं घाई केली त्याच्या खात्यात कधीच नाही. मी स्वतः हे तक्ते बनवले आहेत. लबाडी कुणीच करत नव्हतं. प्रत्येक जण आपापला रकाना हिरवा ठेवत होता.

हे बदलता येतं. ह्युंदाईचं अमेरिकेतलं उदाहरण मला फार आवडतं. १९८६ मध्ये स्वस्त एक्सेल घेऊन ते तिथं गेले, पहिल्याच वर्षी दीड लाखाच्या वर गाड्या विकल्या, आणि मग दर्जानं नाव इतकं घालवलं की दूरचित्रवाणीवर त्यांच्यावर विनोद व्हायचे. १९९८ मध्ये त्यांनी इंजिन आणि गिअरबॉक्सला १० वर्षं किंवा १ लाख मैलांची वॉरंटी जाहीर केली. लोक याला जाहिरात म्हणतात. मला त्यात हिशेबाची बाजू दिसते. त्या दिवसापासून प्रत्येक खराब भागाचा दहा वर्षांचा खर्च कंपनीनं स्वतःच्या गळ्यात घालून घेतला. मग खरेदीवाल्यानं सील वाचवून चार पैसे आणले, तरी पुढच्या टेबलावरचा माणूस विचारणारच की याची तरतूद किती करू?

आणि मोठ्या ध्येयांची भीती वाटावी अशी दोन उदाहरणं. फोक्सवॅगननं २०१८ पर्यंत जगात पहिलं व्हायचं ठरवलं होतं. २०१५ मध्ये डिझेल गाड्यांतलं चाचणी फसवणारं सॉफ्टवेअर उघड झालं, जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या. टोयोटासारखी टोयोटा, तिच्या प्रमुखाला, अकियो टोयोडांना, फेब्रुवारी २०१० मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढं सांगावं लागलं की आमची वाढ बहुधा फार वेगानं झाली. दोन्ही कंपन्यांसमोर स्पर्धा भरपूर होती. पहिल्या नंबरच्या शर्यतीत ती स्पर्धाच त्यांना पळवत होती.

कुपवाड फाटा, बुधवार सकाळी

शोरूमच्या सर्व्हिस विभागात नऊ वर्षं काढली, आता सोडलं. ताळेबंदताईंनी वरचं सांगितलं, मी खालचं सांगतो.

गाडी सर्व्हिसिंग करून नेली की तुम्हाला फोन येतो ना, 'आमच्या सेवेला दहापैकी किती गुण द्याल?' त्या गुणांवर आमचा इन्सेंटिव्ह होता. ९ मिळाले तरी नापास. म्हणून आम्ही गाडी देताना हात जोडून सांगायचो, "साहेब, कंपनीचा फोन येईल, दहापैकी दहा द्या, आमच्या पगाराचा प्रश्न आहे." लोक भले असतात, द्यायचे. ब्रेकमधून आवाज येतोय असं सांगणारा माणूससुद्धा फोनवर दहा द्यायचा आणि आवाज तसाच घेऊन जायचा. वर कंपनीत आलेख चढत जायचा. तिथं बसलेल्या इंजिनिअरला वाटणार की सांगलीत सगळं उत्तम आहे. ज्या आकड्यानं त्याला दोष कळायचा, तोच आकडा आम्ही पगारासाठी पुसत होतो. मला याची आजही टोचणी आहे, कारण त्यातल्या दोन-तीन तक्रारी पुढं खऱ्या ठरल्या.

प्रीतिसंगम, बुधवार रात्री

मी कराडची, पुण्यात डिझाइनमध्ये आहे. सगळ्यांचं वाचलं. 'दोष पुसला जाणं' हा कुपवाड फाटा यांचा मुद्दा मला या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचची गोष्ट आम्हा डिझाइनवाल्यांना पाठ असायला हवी. कोबाल्ट आणि तिच्या जोडीच्या गाड्यांत किल्लीच्या स्विचमधला एक बारीक स्प्रिंग-प्लंजर (किल्ली जागेवर धरून ठेवणारा खटका) कमी ताकदीचा होता. किल्लीला जड जुडगा असला किंवा खड्ड्यात आपटलं की किल्ली आपोआप फिरायची, इंजिन बंद, आणि त्याबरोबर एअरबॅगाही बंद. अपघात झाला तरी एअरबॅग उघडणार नाही. स्विचमधली दुरुस्ती एक डॉलरच्या आतली होती. २००६ मध्ये तो भाग गुपचूप सुधारला गेला, पण पार्ट नंबर तोच ठेवला. यवतेश्वर यांना याचा अर्थ माझ्यापेक्षा चांगला कळेल. ड्रॉइंग बदललं आणि रेव्हिजन बदललं नाही, तर पुढचा माणूस जन्मभर शोधत बसतो. गाड्या परत बोलावल्या त्या २०१४ मध्ये. भरपाईसाठी नेमलेल्या निधीनं १२४ मृत्यू मान्य केले.

कंपनीनं चौकशी करवली, तिच्या अहवालात 'जीएमची मान' असा उल्लेख आहे: बैठकीत सगळे उपायाला मान डोलावतात आणि बाहेर पडल्यावर कुणीच तो करत नाही. हे वाचल्यावर मी आमच्या बैठकांकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागले.

आपल्या इथलंही आहे. २०१३ मध्ये त्याच कंपनीनं इथल्या १ लाख १४ हजार टवेरा परत बोलावल्या. कमी धूर सोडणारी इंजिनं निवडून ती तपासणीच्या गाड्यांत बसवली जात होती, हे कंपनीनंच सरकारला कळवलं आणि माणसं काढली.

पण त्याच कंपनीची उलट बाजूही आहे आणि ती मला जास्त काही शिकवते. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला त्यांचा कारखाना होता. गैरहजेरी, भांडणं, वाईट गाड्या. १९८२ मध्ये बंद केला. १९८४ मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत तोच पुन्हा उघडला आणि बहुतेक जुनेच कामगार परत घेतले. चालवायला टोयोटाची माणसं. लाइनवर दोरी टांगली. कुणालाही चूक दिसली की दोरी ओढायची; टीम लीडर धावत येणार, आणि तेवढ्यात सुटलं नाही तर लाइन थांबणार. आधीच्या काळात लाइन थांबवणं म्हणजे नोकरीवर पाणी. आता दोरी ओढणाऱ्याला लीडर मदत विचारायला येत होता. थोड्याच काळात तिथल्या गाड्या जपानी कारखान्याच्या तोडीच्या व्हायला लागल्या. माणसं तीच, शहर तेच, बाहेरची स्पर्धाही तीच. बदललं ते एवढंच, की चूक सांगणाऱ्याचं पुढं काय होतं.

म्हणून यवतेश्वरदादा, तुम्हाला एक प्रश्न, राग मानू नका. ते ४० नग तुम्ही गाडी भरताना पकडलेत. तुमच्या शेडमध्ये इन्स्पेक्टर असेलच. त्याला ते का दिसले नाहीत? आणि त्याची पगारवाढ कोण ठरवतं?

निवृत्त फिटर, गुरुवारी पहाटे

लेकरांनो, मी साताऱ्याचाच. महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात उमेदीची वर्षं काढली. 'प्रिया' स्कूटर तिथं बनायची. त्या वेळी स्कूटरला लोक वर्षानुवर्षं नंबर लावत, आणि लग्नात जावयाला स्कूटर द्यायची म्हणून वर 'ऑन' देऊन घेत. स्पर्धा कशाशी खातात ते आम्हाला ठाऊक नव्हतं.

तरी आमच्या खात्याचा फोरमन असा होता की एकाही सैल नटाची स्कूटर पुढं जाऊ देत नसे. तो म्हणायचा, "ज्यानं सहा वर्षं वाट बघितली त्याला आपण काय देतोय ते बघा." मी एकदा क्लच केबलची खोबण नीट नाही म्हणून काम थांबवलं. मला वाटलं, आता काही खरं नाही. तो आला, वाकून बघितलं, आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "बरं केलंस." पन्नास रुपये बक्षीस मिळालं असतं तर कधीच विसरलो असतो. ते दोन शब्द अजून आठवतात.

पण खोटं बोलणार नाही. जे बनवत होतो ते चोख बनवत होतो, नवीन मात्र काही येत नव्हतं. डिझाइन तेच ते. ते बदलायला बाहेरून धक्काच लागतो, तो स्पर्धेनंच दिला. मुलगी विचारते ते महत्त्वाचं आहे. इन्स्पेक्टरला 'बरं केलंस' म्हणणारा कुणी आहे का तिथं?

यवतेश्वर, शनिवार रात्री

काका, प्रीतिसंगमताई, दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण उत्तर शोधत होतो.

आमचा इन्स्पेक्टर चोवीस वर्षांचा मुलगा आहे, आयटीआय केलेला, हुशार. तो सुपरवायझरच्या हाताखाली. सुपरवायझरला मी दर महिन्याला डिस्पॅचच्या नगांवर बोनस देतो. ही पद्धत मीच सहा वर्षांपूर्वी घालून दिली. मुलाची पगारवाढ सुपरवायझरच्या शिफारशीवर. मी त्याला शेजारी बसवून विचारलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "साहेब, दुपारीच दिसले होते. बोललो तर गाडी थांबली असती." पुण्याच्या त्या कंपनीचा मला राग आला होता, आणि तीच व्यवस्था मी माझ्या सतरा माणसांत बांधून ठेवली होती.

पुरवठादार म्हणून दोन गोष्टी इथं नोंदवतो. आमच्याकडं दरवर्षी 'कॉस्ट डाउन' मागतात. स्टीलचा भाव वाढो, विजेचा वाढो, दरात दोन-तीन टक्के कपात हवीच. याचा जगातला मोठा प्रयोग होसे इग्नासियो लोपेझ यांनी केला. १९९२ मध्ये जनरल मोटर्सच्या खरेदीचे प्रमुख झाल्यावर त्यांनी जुने करार मोडून सगळ्यांना पुन्हा दर मागवले. कंपनीचे पैसे भरपूर वाचले. पुढच्याच वर्षी ते फोक्सवॅगनमध्ये गेले. ओपलच्या गाड्यांचा दर्जा त्यानंतर घसरला, आणि जर्मनीत आजही त्याला 'लोपेझ परिणाम' म्हणतात. गॅरेजवाले दादा म्हणाले तसंच: पूर आला तेव्हा खुर्चीत दुसराच.

दुसरी गोष्ट १ फेब्रुवारी १९९७ ची. जपानमध्ये करियाला ऐसिन कंपनीच्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या जवळजवळ सगळ्या गाड्यांचा ब्रेकमधला एक छोटा व्हॉल्व्ह तिथंच बनायचा आणि साठा अगदी थोडा. टोयोटाच्या लाइन बंद पडल्या. तेव्हा साठेक पुरवठादारांनी, त्यात शिलाई मशीनवाली ब्रदर कंपनीसुद्धा, मिळेल त्या मशिनवर तो व्हॉल्व्ह बनवायला घेतला. कुणी आधी दर ठरवत बसलं नाही. आठवड्याभरात लाइन पुन्हा चालू. मी मशिनिंगवाला आहे, मला माहीत आहे की अनोळखी ड्रॉइंगवरून ब्रेकचा भाग तीन-चार दिवसांत काढणं म्हणजे काय. दरवर्षी गळा दाबणाऱ्या गिऱ्हाइकासाठी माणूस रात्र-रात्र असा उभा राहत नाही.

कृष्णाकाठचा गॅरेजवाला, शनिवार रात्री

दादा, त्या पोराला काय सांगितलंत?

यवतेश्वर, पुढच्या महिन्याची २ तारीख

गॅरेजवाले दादा, तेव्हा काही सांगितलं नव्हतं, आधी करायचं होतं.

सुपरवायझरचा बोनस आता निघालेल्या नगांवर नाही. तीन महिन्यांत पुढून परत न आलेल्या नगांवर आहे. तो नाराज होता, आम्ही दोन संध्याकाळ बसून हिशेब केला, आणि पहिले तीन महिने त्याला जुन्या बोनसइतकी रक्कम मी देणार आहे. इन्स्पेक्टर आता थेट माझ्याकडं. गाडी थांबवायची असेल तर मला फोनही करायची गरज नाही, हे सगळ्यांसमोर सांगितलं. पुण्याच्या कंपनीलाही लेखी कळवलं आहे की डेव्हिएशनवर माल पाठवायचा तर कागदावर त्यांच्या क्वालिटीप्रमुखाची सही हवी, खरेदीवाल्याची चालणार नाही. उत्तर अजून आलेलं नाही. ऑर्डर कमी होईल अशी भीती आहे, ती खोटी नाही.

परवा महिनाअखेर होती. दुपारी साडेतीनला त्या मुलानं गाडी थांबवली. ११ नगांचं टॅपिंग अपुरं होतं. मी ऑफिसमधून खाली आलो तोवर नग लाल पेटीत होते आणि तो रजिस्टरमध्ये लिहीत होता. गाडी पावणेसहाला सुटली. काका, मी त्याला तुमचे दोन शब्द म्हणालो.